चार हात पॉलिश

फोटोवरून निदान करू नये, हे मी गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सुनावते. गाडी आणा, उन्हात उभी करा, मला तिच्या अंगावरून बोट फिरवू द्या, मग काय ते बोलू. आणि स्वतःच्या बापाच्या गाडीचं निदान मात्र मी फोनवर आलेल्या तीन फोटोंवरून करून टाकलं, तेही एका हातात सँडविच धरून.

"क्लिअर गेलंय," मी दादाला सांगितलं. "रंगाच्या वर पारदर्शक थर असतो ना, तो उन्हाने सुटतोय. घासून काढते आणि चकाचक करून देते. एका दिवसाचं काम."

"शनिवारी पाच वाजता मॅनेजरबाई बघायला येणार आहे," दादा म्हणाला. "तोवर झालं तर झालं. मी बॅग घेऊन येतोच."

बॅग बाबांच्या कपड्यांसाठी होती. बाबा घरगाडीत राहतात. पुढे ड्रायव्हरची सीट, मधे स्वयंपाकाचा ओटा, मागे पलंग, असं चाकांवरचं घर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली आणि आईला घेऊन वर्षानुवर्षं भटकले. आईचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा घरगाड्यांच्या या तळावर येऊन थांबले. दोन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा तिथेच राहिले. तळावर अशा तीस-चाळीस गाड्या उभ्या असतात, आणि तिथला नियम असा की ज्या गाडीच्या अंगाची सालपटं निघतायत तिने जागा सोडायची. बाबांना तशी नोटीस आली आणि दादाला आयतंच कारण मिळालं. "गाडीची ही दशा झालेली त्यांना दिसत नाही, म्हणजे त्यांची स्वतःची काय असेल?" तो म्हणाला. मी भांडले. शेवटी ठरलं ते असं: शनिवारपर्यंत गाडी पास झाली तर बाबा तिथेच राहतील. नाही तर दादाच्या नवव्या मजल्यावर, आणि गाडी विकायची.

बाबा मला फोनवर एवढंच म्हणाले, "ठिणगे, मला त्या लिफ्टच्या टोकाला नको गं पाठवू." ठिणगी म्हणजे मी. नाव का पडलं ते कळेलच.

शनिवारी सकाळी नऊला मी तळावर पोचले. गाडी बघितली. फोटोत दिसलं त्याच्या चौपट वाईट होतं. पांढऱ्या अंगावर पिवळट चट्टे पडले होते, कडा उचकटल्या होत्या, आणि वाऱ्याने त्या कडा फडफडत होत्या. सतरा वर्षं ही गाडी जाईल तिथे सगळ्यांत जास्त चमकायची. लोक थांबून विचारायचे, काय लावता हो? बाबा हसून म्हणायचे, "गुपित आहे." मीही विचारलं होतं. मला पण गुपितच.

बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. मला बरं वाटलं. बघ म्हणावं दादाला.

"यंदा हात द्यायचा राहून गेला बघ," ते म्हणाले. "म्हणून असं झालं असेल."

कसला हात, हे विचारायला हवं होतं. पण मी तोवर मशीनची वायर सोडत होते आणि डोक्यात घड्याळ टिकटिकत होतं. आठ तास, चार बाजू.

दाराच्या उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर, मी घासायचं मशीन टेकवलं. क्लिअर घासलं की पांढरी कोरडी भुकटी उडते. इथे भुकटी उडेना. मशीनच्या घासायच्या कागदावर पिवळा चिकट गोळा जमला आणि मशीन घसरायला लागलं. कागद बदलला. पुन्हा गोळा. तिसरा कागद जरा जाडा घेतला आणि रागाने जोर दिला. रागाने काम करू नये हेही मी गिऱ्हाइकांना सांगते. मशीनची कड आत रुतली, सर्रकन आवाज आला, आणि मी बंद करेपर्यंत तळहाताएवढ्या जागेत पांढऱ्याखालचा राखाडी फायबर दिसायला लागला.

मी स्वतःला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या गाडीची खिडकी लागली.

"लागलं का?" बाबांनी आतून विचारलं.

"मला नाही. गाडीला."

घड्याळात पावणेदहा झाले होते आणि मी काम करण्याऐवजी वाढवून ठेवलं होतं. मग मी पहिल्यांदा तेच केलं जे पहिल्यांदा करायला हवं होतं. मशीन बाजूला ठेवलं, एक सुटलेलं सालपट नखाने उचकटलं आणि नीट बघितलं. जाड होतं, वाकवलं की वाकत होतं. क्लिअर एवढं जाड नसतं, आणि सुटलं तर कडक होऊन तुटतं. शिवाय या गाडीला क्लिअर होतंच कुठे? फायबरची बॉडी, वर जेलकोट, म्हणजे रंग फायबरच्याच वरच्या थरात मुरलेला. त्यावर सुटण्यासारखं काही नसतंच. जे सुटत होतं ते कोणीतरी वरून लावलेलं होतं. सालपट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, पण गॅरेजमधला नव्हता.

मी काच पुसायचं अमोनियाचं पाणी एका चट्ट्यावर मारलं आणि पाच मिनिटं थांबले. चट्टा दुधासारखा पांढरा झाला, फुगला, आणि फडक्याने पुसला तर गोळ्या होऊन निघून आला. खालचा जेलकोट शाबूत होता.

तेव्हा वास कुठला ते आठवलं. बाबा एकतीस वर्षं हॉस्पिटलात फरशीवाले होते. लांबच लांब कॉरिडॉर पॉलिश करायचे. त्यांना तिथे 'आरसा' म्हणायचे, कारण त्यांच्या कॉरिडॉरमधून जाताना लोक आपला भांग बघायचे. लहानपणी ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना हाच वास यायचा.

"बाबा! तुम्ही गाडीला फरशीची पॉलिश लावता?"

ते दारात आले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा. "वर्षातून एकदा. जुनी उतरवायची, मग नवीन, चार हात. सतरा वर्षांत काही झालंय का तिला? तुला सांगितलं असतं तर तू तळ डोक्यावर घेतला असतास."

घेतला असताच. पण खरं सांगायचं तर पद्धत वाईट नव्हती. जुनी उतरवून नवीन लावली तर खालचं अंग जपलंच जातं. मग ही सालपटं कशी?

"शेवटची कधी लावलीत?"

"मागच्या वर्षी. यंदा राहूनच गेली ना."

मी सालपट उन्हात धरलं. कडेला रेघांवर रेघा दिसत होत्या. चार हातांचं नव्हतंच ते. चार हात म्हणजे कागदाएवढी जाडी, आणि हे पुठ्ठ्यासारखं.

"तुमचं सामान कुठे असतं?"

दाराच्या खाली, बाहेरच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक कप्पा आहे. मी वाकून तो उघडला. आत बादली होती, मऊ पोछा होता, पॉलिशचे सात रिकामे कॅन होते, आणि एक भरलेला. पॉलिश उतरवायच्या औषधाचे दोन कॅन मागे होते. त्यांचं सील तसंच होतं, वर धूळ. आणि कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पट्ट्या होत्या.

ही हॉस्पिटलातली पद्धत. कॉरिडॉर झाला की चौकटीला कागदी चिकटपट्टी लावायची, त्यावर तारीख, किती हात दिले ते, आणि खाली सही. म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस पुन्हा तेच करत बसत नाही. सही नसलेली पट्टी म्हणजे न केलेलं काम, असं बाबा आम्हाला गृहपाठाच्या वहीवरून सुद्धा ऐकवायचे. झाकणावर एकाखाली एक पट्ट्या होत्या, वर्षाला एक. तारीख, चार हात, सही. सतरा वर्षांच्या सतरा. अक्षर मोत्यासारखं.

आणि त्यांच्या खाली यंदाच्या. नऊ. सगळ्या गेल्या तीन महिन्यांतल्या. सहा तारीख, चार हात, सही. नऊ तारीख, चार हात, सही. शेवटच्या दोन पट्ट्यांवर एकच तारीख होती. एका दिवसात दोनदा.

मी वाकलेली तशीच राहिले. माझ्या धंद्यात निदान सापडलं की बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. छत्तीस हात पॉलिश, एकावर एक, जुनी न उतरवता, आणि सकाळी उठल्यावर दर वेळी यंदाची पहिली.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पट्ट्या वाचल्या. बोटाने खालून वर, मग वरून खाली.

"हे माझंच अक्षर आहे," ते म्हणाले.

"हो."

"सकाळी उठलो की वाटतं, आज करायचंय." झाकणाला हात लावून म्हणाले, "हा कप्पा तुझी आई उघडायची. बादली तीच काढून द्यायची. पट्टी वाचायची आणि म्हणायची, झालंय हो, बसा गप. मी कधी वाचलंच नाही. लावायचं काम माझं होतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दादा पाचला येतोय ना?"

एवढंच विचारलं. सांगू नको असं ते म्हणाले नाहीत. बाबा बादली भरायला नळाकडे गेले आणि मी त्या नऊ पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या, चोळामोळा करून पँटच्या खिशात कोंबल्या. बरोबर केलं की चूक, याचा विचार केला नाही. केला असता तर ठिणगी कशाला म्हणाले असते.

मग आम्ही कामाला लागलो. मी औषधाचं सील फोडलं आणि वरून मारायला सुरुवात केली तर बाबांनी माझा हात धरला.

"वरून नाही. खालून वर. वरून केलंस तर ओघळ खाली कोरड्यावर जातात, आणि ओघळाचे डाग मेलीस तरी निघत नाहीत. आणि वाळू द्यायचं नाही. वाळलं की पुन्हा चिकटलं. थोडं थोडं घे, दोन हात रुंद. थांब, फुगू दे. आता."

दहा वर्षं मी पोरांना काम शिकवते. त्या दिवशी मी पोरगी झाले. त्यांचा हात एकदाही चुकला नाही. कुठे किती वेळ थांबायचं, कधी ब्रश फिरवायचा, कधी पाणी मारायचं, सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. थरच्या थर ओल्या पुठ्ठ्यासारखे गळून पडत होते, आणि खालून ती जुनी गाडी बाहेर येत होती. मला एकदम रडू आलं. औषधाचा वास डोळ्यांत गेला असं मी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "तोंड वाऱ्याकडे कर."

बारा वाजता दाराची बाजू आणि गाडीचं पुढचं नाक झालं. दोन वाजता पलीकडची बाजू उन्हात आली आणि औषध मारल्या मारल्या वाळायला लागलं. पलंगावरच्या चादरी काढून ओल्या करून आम्ही सावली केली. जेवलो नाही. बाबा ब्रश फिरवत पुढे, मी चकाकी आणायचं बफिंग मशीन घेऊन मागे. साडेतीन. चार. मागची अख्खी भिंत अजून बाकी.

साडेचारला दादा आला. हातात मोठी निळी बॅग. त्याने ती दाराच्या पायरीशी उभी केली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि ब्रशचा वेग वाढवला.

"काय झालं होतं गं?" दादाने मला विचारलं.

"ऊन," मी म्हणाले. मान वर न करता.

"नुसतं ऊन?"

"अठरा वर्षांचं ऊन, दादा. तुझ्या डोक्यावर पडलं असतं तर तुझीही सालपटं निघाली असती."

तो हसला. मग बाह्या सरसावून म्हणाला, "मला काय करायचंय ते सांग." बाबांनीच सांगितलं, "पाणी मार. खालून वर." तिघांनी मिळून मागची भिंत उतरवली. पाचला पाच कमी असताना मी शेवटचं फडकं फिरवलं.

मॅनेजरबाई बरोबर पाचला आल्या. काळं फडकं काढून त्यांनी चारही बाजूंवरून फिरवलं आणि उलटून बघितलं. जुन्या गाड्यांच्या अंगावरून खडूसारखी पांढरी पूड येते, ती त्या शोधत होत्या. फडकं काळंच राहिलं. दाराजवळच्या माझ्या राखाडी चट्ट्यापाशी त्या थांबल्या.

"हे काय?"

"माझी चूक," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी भरून देते."

त्यांनी कागदावर खूण केली. "बाकी झकास. तळावर आलं की पहिली हीच गाडी दिसते, अशीच ठेवा." आणि गेल्या.

मी पायरीवर बसले. जिंकलो होतो. दादानेही सुस्कारा टाकला. खरंच टाकला, त्यालाही बॅग भरायची हौस नव्हती. "मग राहू दे त्यांना इथे," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस तेच खरं. ठणठणीत आहेत."

तेवढ्यात बाबा खाली वाकले आणि त्यांनी कप्पा उघडला. नेहमीसारखी कामाची पट्टी लावायला. आई करायची तसं आज त्यांनी आधी वाचलं. एक बोट पट्ट्यांवरून खाली खाली आणलं, मागच्या वर्षाशी आलं, आणि तिथे पट्ट्या संपल्या.

"अरे देवा," ते म्हणाले. "यंदा द्यायची राहिलीच की!" आणि भरलेला कॅन बाहेर ओढून त्यांनी झाकण फिरवायला घेतलं.

दादा जागचा हलला. "बाबा? दिवसभर काय केलंत मग?"

"ते उतरवलं. लावायचं राहिलंय. हे बघ ना, पट्टीच नाही." त्यांचा आवाज चढला. "तीन महिने रोज वाटतंय मला, राहिलंय, राहिलंय. खोटं नव्हतं वाटत."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खिशात हात घातला. दुसरं काय करणार होते? चोळामोळा झालेल्या नऊ पट्ट्या बाहेर काढल्या आणि तळहातावर ठेवल्या.

बाबांनी कॅन खाली ठेवला. एक पट्टी उचलून सरळ केली, वाचली. मग दुसरी.

"तू काढल्यास?"

"हो."

"का?"

"दादाला दिसू नयेत म्हणून."

"अगं वेडे," बाबा म्हणाले, रागाने नाही. "त्या मला दिसायला होत्या ना."

आजवर मला पुष्कळ जण पुष्कळ बोललेत. एवढं कोणाचं लागलं नाही.

दादाने पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या आणि पायरीवर बसून एकेक मांडीवर सरळ केली. शेवटच्या दोन शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिला. बॅग त्याच्या पायाशीच होती. मी ती बघत होते, बाबाही बघत होते.

"मी विसरतो," बाबा म्हणाले. "मला कळतं ते. गॅस विसरत नाही, गोळ्या विसरत नाही, त्या ओट्यावर डोळ्यांसमोर असतात. हे झाकणाच्या आत असतं. कॉरिडॉरची पट्टी आत कोणी लावतं का? ती चौकटीला लावायची, येता-जाता दिसायला. तुझ्या आईला आवडायचं नाही. घराला चिठ्ठ्या नकोत म्हणायची. म्हणून आत."

मग दादाने कप्प्यातून चिकटपट्टीचं रीळ घेतलं, एक तुकडा फाडला, पेन काढलं. आजची तारीख घातली. खाली लिहिलं, 'जुनं उतरवलं. आता वर्षभर काही नाही.' आणि सही केली. पट्टी त्याने झाकणाच्या आत लावली नाही. दाराच्या उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर, मी सकाळी करून ठेवलेल्या राखाडी चट्ट्यावर लावली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बघू," दादा म्हणाला. बॅग तिथेच होती.

आत जाऊन मी चहा टाकला. आम्ही तिघं छोट्या टेबलापाशी गुडघ्याला गुडघे लावून बसलो. चहा संपता संपता बाबांच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी ओळखते, काहीतरी करायचं राहिलंय अशी. ते उठले आणि दाराबाहेर गेले. दादा उठायला लागला तसा मी त्याचा दंड धरला.

उघड्या दारातून आम्हाला त्यांचा अर्धा खांदा दिसत होता. ते कप्प्याकडे वाकायला लागले आणि थांबले. डोळे पट्टीवर गेले होते. बोट आलं, तारखेखालून फिरलं, सहीशी थांबलं.

"झालंय की," ते स्वतःशीच म्हणाले. आत आले आणि बसले. आठी गेली होती.

दादाने तोंड खिडकीकडे वळवलं. तिकडेच बघत म्हणाला, "सोमवारी डॉक्टरकडे जायचं, बाबा. मी न्यायला येतो. तिथून परत इथेच आणून सोडतो."

"लिहून ठेवायला हवं," बाबा म्हणाले.

त्यांनी रीळ मागितलं. जिभेचं टोक ओठात धरून, मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'सोमवार. डॉक्टर. परत इथेच.' मग ती पट्टी दादासमोर टेबलावर सरकवली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"खाली सही कर," ते म्हणाले.

दादाने केली.